जुनेराचे रसिक

मराठवाड्यात थंडी पडू लागली की आठवडी बाजारांत एक नवा वर्ग दिसू लागतो. त्याला भाजीपाला घ्यायचा नसतो, अवजारे घ्यायची नसतात. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा अशा तालुक्याच्या गावी बाजाराच्या अगदी कडेला, जिथे जमिनीवर पोती अंथरून जुन्या कपड्यांची बोचकी सोडलेली असतात, तिथे तो उकिडवा बसतो आणि एकेक कापड बोटांनी चाचपून पाहतो. इरकली काठ, मांजरपाटाची चादर, कशिदा काढलेला अभ्रा, एखाद्या मोडलेल्या वाड्यातून आलेली हिमरू शाल, आणि या सर्वांहून अधिक मागणी असलेली हाताने शिवलेली जुनी गोधडी. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात हा वर्ग आता नवा राहिलेला नाही. तिथले विक्रेते गिऱ्हाईक ओळखून भाव सांगतात. म्हणून शोधाचा मोर्चा जालन्यासारख्या जिल्ह्याकडे वळला आहे, जिथे विकणाऱ्याच्या कानावर 'व्हिंटेज' हा शब्द अजून फारसा पडलेला नाही. हिवाळा या शोधाला सोयीचा. उन्हाळ्यात उघड्यावरच्या बाजारात तासभर उभे राहवत नाही, आणि थंडीच्या तोंडावरच पांघरुणे बाजारात येतात.

इथवर आमची तक्रार नाही. कोणी काय विकत घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमची तक्रार आहे ती त्यानंतर जे लिहिले जाते त्याबद्दल. बाजारातून आणलेली गोधडी दिवाणखान्यात स्थिरावली की तिच्यावर एक ललित लेख होतो. त्यात आजी असते, माया असते, ऊब असते. सुईदोऱ्याने शिवलेल्या आठवणी असतात. आणि शेवटी हल्लीच्या दुलयांत ती ऊब नाही, असा सुस्कारा असतो. हा लेख दिवाळी अंकात छापून येतो, वर्गात वाचून दाखवला जातो, आणि 'गोधडी हे मातृत्वाचे प्रतीक आहे' असे लिहून मराठीचा विद्यार्थी पैकीच्या पैकी गुण मिळवतो. या लेखाला समीक्षेने आजवर हात लावलेला नाही, कारण मायेशी वाद घालायला कोणाला आवडत नाही.

आम्हांला तो घालावासा वाटतो. जुन्या कापडाला 'मायेची ऊब' म्हणणे हे वाङ्मयीन विधान नाही, ती एका प्रश्नाला दिलेली बगल आहे. तो प्रश्न असा : हे कापड इतके जुने होईपर्यंत कोणाला वापरावे लागले, आणि का?

ज्यांना हा प्रश्न रुक्ष वाटतो त्यांनी आधी भाषेकडेच पाहावे. 'व्हिंटेज' या एका शब्दाखाली आज जे काही लोटले जाते, त्यासाठी मराठीत एक संपूर्ण शिडी आहे. नवे लुगडे ठेवणीतले. ते रोजच्या वापरात आले की धडोतीत जमा. मधोमध विरले की विरलेला भाग काढून उरलेले दोन धड तुकडे जोडायचे. या जोडणीला दंड म्हणतात, आणि दंड घातलेले लुगडे नेसून बाई आणखी एखादे वर्ष काढते. त्यानंतर ते जुनेर होते. जुनेराची बाळंतिणीच्या खोलीत बाळोती होतात, दुपटी होतात. चारदोन जुनेरे, एखादे धोतर, सदऱ्याच्या पाठीचा तुकडा असे एकावर एक रचून धावदोरा घातला की गोधडी, वाकळ. वाकळ झिजली की नव्या वाकळीच्या पोटात तिचा थर जातो. त्यातूनही जे उरते त्याचे फडके, मग सारवणाचे पोतेरे, आणि अगदी शेवटी चिंधी, जी कापलेल्या बोटाला बांधायची किंवा तेलात बुडवून काकडा म्हणून पेटवायची. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्या कोशांत हे शब्द शोधून पाहावेत. ही शिडी सौंदर्यदृष्टीने रचलेली नाही. प्रत्येक पायरीवर एक निर्णय आहे, आणि तो निर्णय नवे कापड घेण्याची ऐपत नसल्यामुळे घ्यावा लागलेला आहे. शब्दांची ही समृद्धी कापडाच्या दारिद्र्यातून आलेली आहे. ललित लेखकाला यांतला एकच शब्द ठाऊक असतो आणि तोही तो ओवाळणीच्या ताटात ठेवून वापरतो.

आता उबेकडे वळू. डिसेंबर-जानेवारीत जालना जिल्ह्यात रात्रीचा पारा काही दिवस १० अंशांच्या खाली उतरतो. पक्क्या भिंती आणि बंद खिडक्या असलेल्या घरात ही थंडी आल्हाददायक असते. पत्र्याच्या घरात ती वेगळी असते. आणि उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत ती आणखी वेगळी असते. बीडप्रमाणे जालन्यातूनही दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. म्हणजे संपूर्ण हिवाळा ती उघड्यावर असतात. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जो संसार चढतो त्यात भांडी, पीठ आणि गोधड्या असतात. तिथे गोधडीची ऊब थरांत मोजायची असते. चार थरांची की सहा थरांची, दोन लेकरांना पुरेल की तिघांना, एवढेच तिचे रसग्रहण. पहाटे कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या बाईला ही ऊब अर्धवट सोडून उठावे लागते, हे आमच्या ललित लेखांत कधी आलेले आम्ही वाचलेले नाही.

आणि हे सर्व कापसाच्या जिल्ह्यात घडते. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली आणि इथल्या कापसाला बाहेरची वाट मिळाली. १९६४ मध्ये याच शहरात महिको ही बियाणे कंपनी स्थापन झाली; २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेल्या पहिल्या जनुकबदल कापसाच्या मागे तीच कंपनी होती. जपानच्या उत्तरेकडे थंडीमुळे कापूस पिकत नसे. दक्षिणेकडून बोटीने येणाऱ्या जुन्या सुती चिंध्या विकत घेऊन तिथले शेतकरी आपल्या तागाच्या कपड्यांना थरावर थर जोडत. त्या कपड्यांना 'बोरो' म्हणतात आणि आज जगभरचे संग्राहक ते चढ्या भावाने घेतात. तिथे कापूस पिकत नव्हता म्हणून चिंध्या जोडाव्या लागल्या. आमच्याकडे कापूस पिकतो, सरकी निघते, गाठी बांधल्या जातात, आणि तरीही वेचणाऱ्या बाईला चिंध्याच जोडाव्या लागल्या. या विसंगतीवर एक ओळही न लिहिता जो गोधडीवर चार पाने लिहितो, त्याच्या संवेदनशीलतेची आम्हांला शंका येते.

परंतु यापेक्षाही गंभीर गोष्ट पुढे आहे. आपल्या समाजात उतरलेले कापड कधीही निरागस नव्हते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे ल्यावीत असा दंडक आहे. तो पोथीत राहिला नाही. मढ्यावरचे कापड घेणे हा गावगाड्यात महारकीचा 'हक्क' मानला गेला. म्हणजे अपमानालाच वतनाचे नाव मिळाले. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये सांगितले आहे की महार बाईने लुगडे नेसताना त्याचे काठ निऱ्यांत दडवायचे, कारण दिसणारे काठ हा वरच्या जातींच्या बायकांचा मान. आज बाजारात उकिडवा बसलेला रसिक बोचक्यातून नेमके काय शोधत असतो? काठ. ज्या काठासाठी तो भाव करतो, तो काठ काही पिढ्यांपूर्वी कोणाला दाखवता येत होता आणि कोणाला लपवावा लागत होता, ही माहिती त्या कापडाच्या सौंदर्याचा भाग नाही काय?

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या अखेरीस, २७ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर स्त्रियांशी बोलले आणि त्यांनी वेशभूषेचा विषय काढला. अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची रीत टाका, ते पायघोळ नेसा, ठसठशीत जुने दागिने उतरवा, असा त्या उपदेशाचा आशय होता. स्त्रियांनी तिथल्या तिथे नेसण्याची रीत बदलली. मराठी भाषेतल्या कापडाच्या इतिहासात याहून मोठा दिवस आम्हांला ठाऊक नाही. जुने टाकणे ही ज्या समाजाला मुक्ती होती, त्याच्यासमोर 'जुने ते सोने' हे वाक्य निदान खालच्या आवाजात म्हणावे. जालन्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत त्याला १४ जानेवारी १९९४ पासून बाबासाहेबांचे नाव आहे. त्या वर्गांत तरी गोधडीचा तास मातृत्वाच्या प्रतीकावर संपू नये, एवढी अपेक्षा फार नव्हे. दुसऱ्याचे उतरलेले कापड स्वखुशीने अंगावर घेणे ही चैन आहे, आणि ज्यांच्या घराण्यात ते कधी सक्तीने घ्यावे लागले नाही त्यांनाच ती परवडते.

आमच्यावर यापुढे जे आक्षेप येतील ते आम्हांला ठाऊक आहेत. पहिला असा की या शोधामुळे निदान वस्तू वाचतात, नाहीतर त्या पोतेऱ्यात गेल्या असत्या. यात तथ्य आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी जुने बाजार आणि जुने वाडे पालथे घातले नसते तर पुण्याचे राजा केळकर संग्रहालय उभे राहिले नसते, आणि अडकित्ते, दिवे, फण्या ही इतिहासाची साधने आहेत हे अनेकांच्या लक्षात आले नसते. पण केळकरांनी वस्तू सार्वजनिक केल्या. त्या पाहायला कोणीही जाऊ शकतो. दिवाणखान्यात वाचलेली वस्तू फक्त मालकाच्या पाहुण्यांसाठी वाचते. शिवाय, जी गोधडी पोतेऱ्यापर्यंत गेली तीही वाया गेली नव्हती. ती आपली शिडी पूर्ण उतरली होती. ती मध्येच थांबवून भिंतीवर लावणे म्हणजे तिला वाचवणे, ही समजूत घेणाऱ्याची आहे.

दुसरा आक्षेप असा की विकणाऱ्याला पैसे मिळतात. मिळतात, प्रश्न किती आणि कोणाला हा आहे. बाजारात बसणारा विक्रेता बहुधा शिवणारा नसतो. बोहारीण दारोदार फिरून भांड्यांच्या बदल्यात कपडे घेते, तिथून ते निवडणाऱ्याकडे जातात, तिथून बोचके बाजारात येते. या साखळीचा दिल्लीतला भाग ल्युसी नॉरिस यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तपशिलाने मांडला आहे. जुन्या रेशमी साड्या कापून परदेशी गिऱ्हाइकासाठी वस्त्रे कशी बनतात तेही त्यात आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांच्या वंशातल्या कृष्णवर्णीय स्त्रिया तिथे कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत, कारण त्यांची घरे थंड असत. २००२ मध्ये या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत टांगल्या गेल्या, आधुनिक चित्रकलेशी त्यांची तुलना झाली, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. आणि २००७ मध्ये शिवणाऱ्यांपैकी काही जणींनी मोबदल्यासाठी न्यायालयात दावे लावले. ते पुढच्या वर्षी मिटले, पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : त्या स्त्रियांची नावे ठाऊक होती, म्हणून त्या दावा लावू शकल्या. आमच्या गोधडीवर कोणाचेच नाव नाही. आमची रसिकता इतकी निर्धास्त आहे ती यामुळेच.

तिसरा आक्षेप वाङ्मयीन आहे. आम्ही सौंदर्य नाकारतो, सगळे अर्थशास्त्रात आणि समाजशास्त्रात बुडवतो, असे म्हटले जाईल. उलट, सौंदर्याचा अपमान करते ती मायेची भाषाच. गोधडीत कोणता तुकडा मध्ये घ्यायचा, कोणता कडेला, विटलेल्या हिरव्याशेजारी कोणता लाल टिकेल, धावदोरा कडेकडेने घेत आत कसा न्यायचा, हे सर्व विचारपूर्वक घेतलेले निर्णय असतात. शेतीची कामे ओसरल्यावर, दुपारी, अंगणात पसरून, दोघीतिघी समोरासमोर बसून ते घेतात. नवरात्रापूर्वी दुधना, कुंडलिका, पूर्णा या नद्यांवर धुतल्या जाणाऱ्या गोधड्या पाहिल्या तर कोणती कोणाच्या हातची हे गावातल्या बायकांना ओळखू येते. म्हणजे शैली आहे, कर्तृत्व आहे, परंपरेशी झगडाही आहे. कवितेच्या बाबतीत आपण या गोष्टींना निर्मिती म्हणतो. गोधडीच्या बाबतीत त्यांनाच माया म्हणतो. माया म्हटले की मजुरी द्यावी लागत नाही आणि नावही विचारावे लागत नाही.

देशीवादाचा आडोसा घेणारेही काही असतील. भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू' (२०१०) या कादंबरीच्या उपशीर्षकाने 'समृद्ध अडगळ' हा शब्दप्रयोग रूढ केला आणि तेव्हापासून प्रत्येक जुन्या वस्तूला एक प्रतिष्ठेचा परवाना मिळाला आहे. परंतु अडगळ साठायला घरात अडगळीची खोली लागते. ज्या घरात एकच खोली असते तिथे अडगळ नसते, तिथे सगळेच वापरात असते.

आपल्या लोककथेत चिंधीची एक गोष्ट आहे. श्रीकृष्णाचे बोट कापले, सख्ख्या बहिणीला, सुभद्रेला, फाडण्याजोगी चिंधी सापडेना. द्रौपदीने अंगावरचे उंची वस्त्र फाडले. ही गोष्ट आपण भावाबहिणीच्या प्रेमाची म्हणून शिकवतो. ती खरे तर दानाच्या दर्जाची गोष्ट आहे. सुभद्राही चिंधीच शोधत होती. द्रौपदीने चांगले फाडले. आपण आजही सुभद्रेसारखेच देतो. २००१ मध्ये भूजच्या भूकंपानंतर देशभरातून पाठवलेले जुने कपडे रस्त्याच्या कडेला ढिगांनी पडून राहिले, २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तेच झाले. थंडीत वाटली जाणारी स्वस्त राखाडी घोंगडी पानिपतला परदेशी जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून बनतात. 'गूंज' या संस्थेने, जिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जुने कापड भीक म्हणून न देता गावाच्या कामाचा मोबदला म्हणून द्यायला सुरुवात केली. त्या एका बदलात आमच्या शंभर ललित लेखांहून अधिक समीक्षा आहे.

शेवटी एक उदाहरण आमच्याच मुलखातले. शेजारच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी जपून ठेवलेली आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात होऊन गेलेल्या या संतकवीने पंचीकरणाचा विषय सुमारे ४० फूट लांबीच्या जाड सुती कापडावर लिहून काढला. पासोडी म्हणजे पांघरायचे कापडच. मराठीच्या प्राध्यापकांना ते वंदनीय वाटते, कारण त्यावर अक्षरे आहेत आणि अक्षरांखाली नाव आहे. त्यांच्याच घरातल्या वाकळीवर अक्षरे नाहीत, म्हणून ती वाचायची असते हे त्यांना सुचत नाही. शिवणाऱ्या बाईला लिहिता आले असते तर तिने काय लिहिले असते, याची कल्पना करण्याऐवजी आपण तिच्या वतीने 'ऊब' लिहून मोकळे होतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या मराठी विभागांनी गोधडीवर निबंध लिहून घेणे काही काळ थांबवावे आणि नोंदी लिहून घ्याव्यात. घरातली असो की बाजारातली, प्रत्येक जुन्या कापडाबद्दल तीन प्रश्न विचारावेत : कोणी शिवले, कोणाच्या जुनेरांचे शिवले, आणि ते का विकले गेले. पहिल्या दोहोंतून नावे मिळतील, गावे मिळतील, कोशांत नसलेले शब्द मिळतील; दंडाचे, टाक्यांचे, तुकड्यांच्या मांडणीचे. तिसरा प्रश्न अवघड आहे. अनेक घरांत माणूस गेला की त्याचे अंथरूण-पांघरूण ठेवत नाहीत. बोचक्यातली देखणी गोधडी अशीही आलेली असू शकते. किंवा ती २०१२-१३ सारख्या वर्षी घराबाहेर पडलेली असू शकते, जेव्हा जालन्यात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या आणि लोकांनी विकता येईल ते विकले. हा प्रश्न विचारायला रसिक धजत नाही, कारण उत्तर मिळाल्यावर ती गोधडी भिंतीवर लावणे जड जाईल.

जड जावेच. जुने कापड विकत घ्या, जरूर घ्या, आणि घासाघीस न करता घ्या. पण त्यावर लिहायला बसाल तेव्हा माया, ऊब आणि आजी हे तीन शब्द बाजूला ठेवून एक परिच्छेद लिहून पाहा. परिच्छेद लिहून झाला, तर कापडाविषयी काही सांगण्याजोगे तुमच्यापाशी आहे. झाला नाही, तर पुन्हा बाजारात जावे, त्याच बोचक्यापाशी बसावे, आणि या खेपेला काठाऐवजी विकणाऱ्या बाईकडे पाहून विचारावे : मावशी, ही कोणाच्या हातची?